मशीनच्या गळ्यातली कुंदाताई

कुंदाताईच्या मोबाईलवरून आलेला फोन कधी दोन रिंगांच्या पुढं वाजत नसे. फोनवर ऐकू जाईल इतपत आवाजच तिच्या घशातून निघत नव्हता. म्हणून दोन रिंगा झाल्या की ती कट करायची, आणि त्याचा अर्थ 'कॉम्प्युटर रुसला आहे, सवड काढून ये' असा आमच्यात ठरलेला होता. त्या सकाळी मी वर्ध्यातल्या माझ्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी मिक्सरच्या वॉरंटीवरून हुज्जत घालत होतो. तिचा नंबर दिसला. दोन रिंगा झाल्या, तिसरी झाली, चौथी झाली... वाजतच राहिला. उचलायच्या आधीच मला कळलं होतं. पलीकडं तिचे यजमान, आमचे भाऊजी होते. "येजो लवकर," एवढंच म्हणाले. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती उठली नाही. मी बोरगाव मेघेला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

या गोष्टीला दीड महिना झाला. पेपरच्या या पुरवणीसाठी तिच्या चार आठवणी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, मला गोड लिहिता येणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच गोड बोलतात, आणि नेमकं तेच ऐकून माझं डोकं फिरलेलं आहे.

कुंदाताई माझी आतेबहीण. रोहण्याची. शाळेत असल्यापासून तिथल्या भजनात पुढं बसून गायची. आवाज उभा, चढा, आणि ओळ संपताना किंचित खाली ओढून आणायची तिची एक लकब होती. लग्न होऊन बोरगावला आली, भाऊजींच्या किराणा दुकानात बसू लागली, आणि नव्वदच्या दशकात कधीतरी तिनं आसपासच्या बायका जमवून महिला भजन मंडळ काढलं. आपल्याकडच्या भजनाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुख्य बाई ओळ म्हणते, बाकीच्या ती मागून उचलतात, त्याला झील धरणं म्हणतात. दहा वर्षं कुंदाताई ओळ द्यायची आणि मंडळ झील धरायचं. चालीही तिच्याच. स्पर्धेतल्या ढाली मंदिराच्या सभागृहात कपाटभर झाल्या, त्यावर नाव मंडळाचं. तिला त्याचं काही नव्हतं.

मग गळ्यात गाठ निघाली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली होती आणि आवाज जाऊ शकतो हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. जीव वाचला. आवाज गेला. उरली ती नुसती कुजबूज, समोरच्यानं कान पुढं केला तरच कळेल अशी. मंडळानं काय करावं? पहिले दोन महिने तिला मागच्या रांगेत टाळ दिले. नंतर कार्यक्रम कुठं आहे हे सांगायलाही कोणी येईना. मंडळातल्याच सुमनकाकू अध्यक्ष झाल्या, ओळ देऊ लागल्या. मी एकदा तोंडावर विचारलं तर म्हणाल्या, "तिलेच वाईट वाटीन म्हणून नाई बलावत बाप्पा." दुसऱ्याच्या दुःखाची इतकी काळजी!

एक दिवस ती माझ्या दुकानात आली आणि कुजबुजली, "मले गाणं बनवाचं हाये." मी हसलो. हो, मीही हसलो, ते लपवत नाही. पण ती हलेना. शेवटी मी तिला एक कॉम्प्युटर जुळवून दिला, एक छोटा कीबोर्ड दिला आणि नागपूरहून वाद्यांच्या सॉफ्टवेअरची सीडी आणली. त्यात तबला होता, हार्मोनियम होती, तंबोरा होता, सगळं पडद्यावरचं. खंजिरी नव्हती. तिनं कुठल्यातरी परदेशी डफलीचा सूर खाली उतरवून खंजिरी केली. बावीस-तेवीस पट्ट्या ऐकून नाक मुरडलं आणि चोविसावी घेतली. पुढच्या वर्षी मी गाणारी सीडी आणली. म्हणजे त्यात एक बाई भरलेली होती. तुम्ही सूर मांडायचा, त्याखाली शब्द लिहायचा, आणि ती गाऊन दाखवायची. बाई होती इंग्रजी. कुंदाताई तिला मॅडम म्हणायची.

मॅडमच्या तोंडात आपला द नव्हता, ध नव्हता, त तर नव्हताच. कुंदाताईचं पहिलं गाणं होतं 'धामेच्या काठी देव माझा पाय धुतो गं'. आपली धाम नदी, तिच्या काठी बसलेला देव, पवनारला गेल्यावर तिला सुचलेलं. मॅडमनं गायलं 'डामेच्या काठी'. मी पोट धरून हसलो. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. एकेक अक्षर इंग्रजीत तोडून, वेगवेगळं जोडून, अर्धं कापून ती ऐकत राहिली, आणि आठव्या दिवशी मॅडमच्या तोंडून ध निघाला. एका ओळीला आठ दिवस. त्यात लाइट जायची, केलेलं पुसलं जायचं, की दोन रिंगा. मी गेलो की म्हणायची, "मॅडम आज ऐकूनच नाई राह्यली माहं." चिडायची, पण पुन्हा पहिल्यापासून मांडायची.

पहिलं गाणं तयार झाल्यावर ती मोठ्या हौसेनं मंडळाकडं घेऊन गेली. कॉम्प्युटर मी उचलला, स्पीकर तिनं. मंदिराच्या सभागृहात लावलं. तिचं म्हणणं इतकंच होतं की ओळ मॅडमनं द्यावी, बायकांनी झील धरावी, म्हणजे तिच्या चाली तिला पुन्हा मंडळात ऐकता येतील. तेव्हा मॅडम कच्चीच होती, कबूल. पण दोन ओळी झाल्या नाहीत तोच सुमनकाकू म्हणाल्या, "मायबाई, हे तं फ्रीज बोलून राह्यला!" सगळ्या खिदळल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "देवापुढं मशीन? आन या डब्याच्या मांगं आम्ही झील धराची? नाई कुंदा, भजनाले जिवंत गळा लागते." कुंदाताई काहीतरी बोलली. त्या गलक्यात तिची कुजबूज कोण ऐकणार? मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. ती म्हणाली, "चाल तं माही हाये ना..."

मी भांडायला उठलो होतो, तिनं माझा शर्ट धरून खाली बसवलं. आणि गंमत पुढंच आहे. मशीन नको म्हणणाऱ्या याच बायकांनी तिनं त्या दिवशी वाटलेले शब्दांचे कागद मात्र ठेवून घेतले, आणि दोन महिन्यांनी स्पर्धेत 'धामेच्या काठी' त्याच चालीवर म्हटलं. निवेदकानं सांगितलं, चाल पारंपरिक. पारंपरिक! जिनं रचली ती श्रोत्यांत पाचव्या रांगेत बसली होती. घरी येताना मी तिच्यावरच ओरडलो, काऊन गप्प बसलीस म्हणून. ती म्हणाली, "गाऊ दे. लोकायच्या तोंडी तं आलं." असलं मोठं मन मला परवडत नाही, तेव्हाही नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं ती त्या एकाच गाण्यावर बसली. दुकान, स्वयंपाक, आणि उरलेला वेळ मॅडम. ओळ संपताना सूर किती उतरवायचा, कुठल्या अक्षरावर आवाज थरथरवायचा, सगळं माऊसनं रेघा ओढून. घासून घासून तिनं त्या परदेशी बाईला रोहण्याची करून सोडलं. ऐकायला आम्ही दोघंच, मी आणि भाऊजी. मंडळातल्या एकीनंही तीन वर्षांत विचारलं नाही की बाई, तुझं ते गाणं कुठवर आलं.

आणि मग ती शोकसभा. त्याच सभागृहात, मंडळानंच ठेवलेली. भाऊजींकडून कोणीतरी सीडी मागून नेली होती, तिच्यावर ताईच्या अक्षरात नुसतं 'कुंदा, भजन' एवढंच लिहिलेलं. भाषणं झाली, मग सीडी लागली. मंदिराच्या भोंग्यातून 'धामेच्या काठी' सुरू झालं आणि दोन ओळींत अख्ख्या सभागृहात पदर डोळ्यांना लागले. सुमनकाकू माईकवर हुंदका देत म्हणाल्या, "काय गळा होता माय कुंदाचा! ऑपरेशनच्या आंधीची रेकॉर्ड हाये ही. असा आवाज आता नाई होत." बाकीच्या माना हलवत होत्या. एक तर हात जोडून बसली होती.

माझं अंग तापलं. भोंग्यातून कुठलाही आवाज थोडाफार सारखाच लागतो हे मी इलेक्ट्रिकवाला असल्यानं जाणतो, पण ज्यांनी दहा वर्षं तिच्या मागं झील धरली त्यांना कळू नये? हे गाणंच ऑपरेशननंतरचं, पण 'पारंपरिक' म्हणता म्हणता त्या तेही विसरून गेल्या होत्या. मी उठलो आणि म्हणालो, "काकू, हा कुंदाताईचा गळा नाही. हे तेच मशीन आहे. तुम्ही ज्याला फ्रीज म्हणाला होता ते." गाणं चालूच होतं. काकूंनी पदर खाली घेतला, डोळे कोरडे करून माझ्याकडं बघितलं, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "मंग बंद करा ना ते." आणि खरंच बंद केलं हो! अर्ध्या ओळीवर. आत्ता ज्याला हात जोडले होते ते गाणं, शब्द तेच, चाल तीच, बाईची तीन वर्षं त्यात गेलेली, आणि बटण दाबून तोंड बंद केलं. मी काय काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

बाहेर आल्यावर भाऊजी माझ्यावरच संतापले. "काऊन सांगतलं तू? तिच्यासाठी रडून राह्यल्या होत्या तं रडू द्याच्या होत्या." मी म्हटलं, भाऊजी, खोट्यावर रडत होत्या. ते म्हणाले, "तुले खऱ्याचं लय पडलं हाये," आणि निघून गेले. पंधरा दिवस बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांनीच बोलावलं. म्हणाले, कॉम्प्युटर सुरू करून दे, मला काही समजत नाही. मलाही ते गाणं मूळ फाइलमधून स्वच्छ काढून, चाल आणि शब्द कुंदाताईचे असं ठसठशीत छापून घरोघरी वाटायचं होतं. राग गेलेला नव्हता, अजूनही नाही. फाइल उघडली. पडद्यावर एकाखाली एक पट्टे दिसले. तंबोरा, हार्मोनियम, तबला, खंजिरी, मॅडम. सगळ्यात खाली आणखी एक पट्टा होता, बिननावाचा. बहुतेक रिकामा दिसत होता, मधेच कुठं बारीकशी रेघ. चुकून राहिला असेल म्हणून पुसणार होतो. पुसण्याआधी बाकीचे बंद करून तेवढाच लावला.

काही नाही. नुसती शांतता, आणि लांब कुठंतरी शेजाऱ्यांच्या कूलरची घरघर, म्हणजे उन्हाळ्यातलं होतं आणि तिनं स्वतःचा कूलर बंद ठेवला होता. मग... एक श्वास. परत शांतता. परत एक श्वास. मॅडमला दम लागत नाही, ती ओळीमागून ओळ न थांबता गाते. जिथं गाणाऱ्या माणसानं दम घेतला असता तिथं तिथं कुंदाताईनं माईकपुढं बसून स्वतः श्वास घेतला होता आणि मॅडमच्या ओळीआधी नेऊन ठेवला होता. गाठ काढल्यापासून तिच्या श्वासाला घशातून एक बारीक खरखर लागायची, तीच. शेवटच्या ओळीआधी दोन श्वास होते. पहिला पुरला नसावा.

सभागृहात भोंग्यातून हेच त्या बायकांच्या कानी गेलं असेल का? असेलही. म्हणून मी त्यांना माफ करीन असं नाही.

भाऊजी दुकानातून पाणी प्यायला आत आले होते. दारातच थबकले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं, पडद्यावर काय आहे हेही त्यांना कळण्यासारखं नव्हतं. तांब्या हातात तसाच धरून म्हणाले, "हे तं कुंदा हाये." मग खुर्ची ओढून बसले. आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, चार मिनिटांत मोजके श्वास. संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे लांबवता येते का रे? म्हंजे चालूच राहीन असं?"

येतं. दोन मिनिटांचं काम आहे, एक श्वास उचलून शंभर वेळा चिकटवायचा. मी म्हणालो, "नाई भाऊजी. हे जेवढं हाये तेवढंच हाये."