उस्तादांचे पाय

निलंग्याच्या उतारावर आम्ही सगळे सायकलीवर पाय सोडून निवांत बसायचो, तिथंही उस्ताद पायडल मारत यायचे. त्यांची सायकलच तशी होती. चाक फिरलं की पायडल फिरणारच, मध्ये विसावा नाही. थांबायचं तर पाय उलटे दाबायचे. लोक चेष्टा करायचे, "उस्ताद, उताराला तरी दम घ्या की." ते नुसते हसायचे.

बसस्टँडच्या वरच्या अंगाला त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. मला जिल्ह्याच्या सायकल संघात जायचं होतं आणि ट्रॅकवरच्या शर्यतीला तसलीच सायकल लागते. त्यांनी मला शाळेच्या मैदानावर त्यांच्याच सायकलीवर शिकवायला घेतलं. आधी ओढणी कमरेला बांधायला लावली, बुटाच्या लेस आत खोचायला लावल्या. म्हणाले, "चेन कुणाची वळख ठेवत न्हाई, अक्का."

पहिल्याच दिवशी सवयीनं मी पाय थांबवले आणि पायडलनं मला उचलून फेकलं. गुडघा सोलवटला, मी भोकाड पसरलं. त्यांनी आधी सायकल उचलली, मग मला. "पाय एकदम थांबवायचा न्हाई. हळूहळू जिरवायचा." दुसऱ्या दिवशी सायकलीला पुढचा ब्रेक बसवलेला होता, खास माझ्यासाठी. स्वतः मात्र त्याला कधी बोट लावलं नाही. त्यांचे ब्रेक म्हणे मांडीत होते.

निवड चाचणीला चार दिवस उरले होते. लातूरहून एसटीनं नवा टायर यायचा होता, तो आणायला ते उतारानं खाली स्टँडवर निघाले. मला मेलीला हाव सुटली. आणखी दोन फेऱ्या मारते म्हणाले, त्यांची सायकल सोडलीच नाही. मग ते माझी साधी सायकल घेऊन गेले.

उताराच्या तळाशी उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. तिथल्या चहावाल्यानं डोळ्यांनी पाहिलं. उस्तादांनी ब्रेक धरलाच नाही, पाय उलटे दाबत राहिले. माझ्या सायकलीचं पायडल मागं नुसतंच फिरत राहिलं.

दवाखान्यात ते दोनच दिवस जगले. मला जवळ बोलावून म्हणाले, "पायानं धरलंच न्हाई गं." एवढंच. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

चाचणीला मी गेले नाही. पुढं पोरींना शिकवायला लागले, त्यांच्याच सायकलीवर. कुठलीही पोर दुसऱ्याच्या सायकलीवर बसली, की मी आधी तिचा हात धरून ब्रेकवर ठेवते. पोरी कंटाळतात, मी ऐकत नाही.

त्या दिवशी उस्तादांचा हात मी धरला नव्हता.