कीबोर्डची पूजा

मी ओरडलो, पण तोवर उशीर झाला होता. प्रमुख पाहुण्यांनी आंब्याचा डहाळा कलशात बुडवून कीबोर्डवर दुसऱ्यांदा झटकला होता. वरून हळद-कुंकू, अक्षता, फुलं.

अमरावतीतला जॅझ फ्यूजनचा कार्यक्रम. मी राजापेठेत राहतो, बावीस वर्षं साऊंड करतो. आपल्याकडे गाण्याबजावण्याचा कार्यक्रम वाद्यपूजनाशिवाय सुरू होत नाही. माझी त्याला काही ना नाही. तबल्याला कुंकू लावलं तर तबल्याचं काही बिघडत नाही. पण कीबोर्डच्या आत सर्किट असतं, आणि साऊंडचेक झाल्यामुळे तो चालूच होता. आयोजक मंडळाच्या सचिवांना मी दुपारीच बजावलं होतं, पूजा स्टेजखाली टेबलावर घ्या. हो हो म्हणाले. ऐन वेळी फोटो चांगला यावा म्हणून पाहुण्यांना वर घेऊन गेले.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज निघाला. मी कन्सोलवर, म्हणजे सगळ्या वाद्यांचा आवाज जिथून कमीजास्त करतो त्या टेबलावर, कीबोर्डचं चॅनल म्यूट केलं. धावत वर गेलो. प्लग काढला, कीबोर्ड पुसला, उलटा करून झटकला. लाल पाणी निघालं. परत लावून पाहिला, तर साधा लाइटही लागेना.

कीबोर्ड होता प्राजक्ताचा. मूर्तिजापूरची मुलगी, शाळेत संगीत शिकवते. पगारातून मागे टाकून टाकून घेतलेला. अमरावतीत ती पहिल्यांदाच वाजवणार होती, आईवडील दुसऱ्या रांगेत बसले होते. जॅझ फ्यूजनमध्ये ठरलेली चाल सगळे मिळून वाजवतात, मग एकेकाला मोकळं सोडतात. त्याला सोलो म्हणतात. तिसऱ्या गाण्यात तिचा सोलो होता.

तेवढ्यात सचिवांनी माइकवरून जाहीर केलं, साऊंडच्या तांत्रिक बिघाडामुळे थोडा उशीर होत आहे, क्षमस्व. माझं डोकंच फिरलं. पाणी टाकायचं यांनी आणि बिघाड माझा!

मग ते प्राजक्ताजवळ गेले. “तू बसून राह्य बेटा. नुसते हात चालव. लोकायले काय समजते?”

“मले समजते न, काका,” ती म्हणाली आणि उठली.

सचिव मला म्हणाले, समजवा जरा पोरीले, स्टेज रिकामं दिसते. मी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. “साऊंड ठीक आहे,” मी सांगितलं, “पूजेचं पाणी कीबोर्डात गेलं म्हणून तो बंद पडला. आज प्राजक्ताताई वाजवू शकणार नाहीत.” सचिव लालेलाल झाले. पाहुण्यांनी मोबाईल काढून त्यात डोकं घातलं.

बँडने कार्यक्रम केला. तिसऱ्या गाण्यात तिच्या सोलोच्या जागी गिटारवाला थांबला. ड्रम आणि बेस तेवढे चालू, वर काहीच नाही. तिची जागा त्यांनी तशीच सोडली होती. लोकांना वाटलं गाणं संपलं, टाळ्या पडल्या. प्राजक्ता माझ्या शेजारी बसून रडत होती आणि मी मनातल्या मनात सचिवांच्या सात पिढ्या उद्धरत होतो. त्या मंडळाने मला पुन्हा बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेलो नसतो.

कीबोर्ड नागपूरला दुरुस्तीला गेला, दोन महिन्यांनी आला. मग त्याच बँडचा अकोल्याला कार्यक्रम लागला. साऊंड माझाच. तिथेही सांगून झालं, तिथेही माना हलल्या, आणि तिथेही पूजेचं ताट स्टेजवर चढलंच. या वेळी मी कन्सोलवर नव्हतो. प्राजक्ताच्या कीबोर्डसमोर हात जोडून उभा होतो.

“ताई, याची पूजा माझ्यावरच करा,” मी तिथल्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना म्हटलं.

त्या गोंधळल्या. पण मागे एवढे लोक बघत होते. त्यांनी मला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, डहाळ्याने पाणी शिंपडलं. हॉल हसला. प्राजक्ताही हसली आणि तिने मागून एक सूर दाबून पाहिला. खणखणीत वाजला.

“शर्ट भिजला न भाऊ तुमचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“वाळते न, ताई,” मी म्हटलं. कीबोर्डाला दोन महिने लागले होते.