टोचनच्या गाडीला चिखलीत ब्लोअर

आपल्या वाचनालयाच्या अंकात लोक काशी लिहितात, रामेश्वर लिहितात, गेल्या वर्षी तर एका सरांनी दुबई लिहिली. मी चिखली आणि चाकण लिहिणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. सहा दिवस घराबाहेर होतो, मुक्काम झाला, खाणं झालं, रस्ता चुकणं झालं. प्रवासवर्णनाला आणखी काय लागतं?

मंगळवारी सकाळी सहाला पोफळीतून निघालो. पिकअप रिकामी, मागची ट्रॉली रिकामी, शेजारची सीटही रिकामी. गावात सगळे मला ओळखतात, पण अंक बाहेरगावीही जातो म्हणून सांगतो: कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली की टोचन करायला (बंद गाडी ओढून न्यायला) जो माणूस येतो, तो मी. पिकअप जुनी, डिझेलची, टर्बोबिर्बोचा थाट नसलेली. एकोणीस वर्षं हे काम आम्ही दोघांनी केलं. मी पुढे पिकअपमध्ये आणि माझी बायको सुनंदा मागे, बंद गाडीच्या स्टिअरिंगवर. दोरानं ओढायचं तर मागे माणूस लागतोच. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग हलता हलत नाही आणि ब्रेकवर दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. ती राहायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मागे बसायला कोणी उरलं नाही, म्हणून मी ही ट्रॉली घेतली. बंद गाडी आख्खी वर चढवायची आणि एकट्यानं न्यायची.

पण त्या ट्रॉलीचंच वजन केवढं! घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर पिकअपचा जीव मेटाकुटीला यायचा. काळा धूर ओकायची आणि बंद. दोनदा मलाच दुसऱ्याची क्रेन बोलवावी लागली. टोचनवाल्याचंच टोचन! घाटातल्या टपऱ्यांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. चिपळूणचा एक जण गाडी आणि ट्रॉली दोन्ही घ्यायला तयार होता; त्याला सोमवारी सांगतो म्हटलं होतं. पुण्याजवळ चिखलीत इंजिनात जादा हवा कोंबणारा ब्लोअर बसवून बघायचा, तरी चढली नाही तर सगळं विकून घरी बसायचं, असं ठरवून निघालो होतो. रिकाम्या घरात दिवसभर बसणं काय असतं ते मी दोन वर्षं बघत होतो. खरं सांगतो, मला त्याचीच भीती वाटत होती.

पाटण, उंब्रज, सातारा इथवर काही सांगण्यासारखं घडलं नाही. घडलं ते पुण्याच्या बायपासला. मोबाइलमधली बाई "डावीकडे वळा" म्हणेपर्यंत डावीकडचा रस्ता मागे पडला होता. पुढे देहूरोडच्या बाजूला एका अरुंद चौकात ट्रॉली वळवायला गेलो आणि आडवा अडकलो. पुढून कंटेनर, मागून बस, दोन्हीकडून हॉर्नची बोंब. वाहतूक पोलीस धावत आला.

"अहो काका, मागे बघायला माणूस नाही का बरोबर?"

"नाही," म्हटलं.

"मग कशाला आणता असली धुडं!" असं म्हणाला खरा, पण स्वतः मागे उभा राहिला, हात दाखवत दाखवत मला बाहेर काढलं आणि पावती न फाडता जाऊ दिलं. माणूस भला होता.

चिखली म्हणजे एका बाजूला वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी पत्र्याच्या शेडची रांग. कुठे लेथ, कुठे वेल्डिंग, कुठे पावडर कोटिंग. ब्लोअर बसवून देणाऱ्या सिद्धार्थ कांबळेचं गॅरेज या रांगेत शेवटी. वय चाळिशीच्या आतबाहेर. वडील पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हा स्वतः बारा वर्षं कंपनीत इंजिनच्या लाइनवर होता, मग नोकरी सोडून गॅरेज टाकलं. कंपनीची शिस्त मात्र सुटलेली नाही. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पिवळ्या रंगानं काढलेली. पाना जागेवर नसला की नुसती आकृती दिसते. संध्याकाळी सगळ्या आकृत्या भरल्याशिवाय शटर खाली येत नाही.

"टर्बो का नको?" मी विचारलं.

"टर्बो धुराच्या जोरावर फिरतो काका. इंजिन पळायला लागलं की मग त्याला जाग येते. तुम्ही घाटात पहिल्या गिअरला, पळताय कुठे? ब्लोअर बेल्टनं थेट इंजिनाला जोडलेला. इंजिन फिरलं की तो फिरला, हवा कोंबलीच. जास्त हवा, मग जास्त डिझेल, मग जास्त ताकद. भंगारात निघालेल्या परदेशी गाडीचा एक आलाय माझ्याकडे, ठणठणीत आहे. फक्त आरटीओचं कागदपत्र तुम्ही बघायचं, ते मी आधीच सांगतो."

शेडचे मालक आबा, मूळ गावकरी, बाजूला खाटेवर बसून हे ऐकत होते. मला म्हणाले, "कोकनातनं आला व्हय? एकलेच?"

"एकटाच."

"आमी हितं हरभरा लावायचो. समदं पत्र्याखाली गेलं. आता वळखीचं मानूस दिसायला बी सकाळपासनं बसावं लागतंय. न्हाई दिसत." मग खाटेवर थोडे सरकले. मी बसलो.

लॉजच्या खाली खानावळ होती. चालवणाऱ्या ताई उदगीरच्या. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत, आणि झणझणीत आमटी, जिनं माझ्या कोकणी नाकाडोळ्यांतून पाणी काढलं. पन्नासेक पोरं जेवत होती, पण आवाज नुसता ताटल्यांचा. प्रत्येकाचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवलेला, वायरी कानात. कोणाच्या मोबाइलवर आई बोलत होती, कोणाच्या बायको. माझ्या तांब्याला टेकवायला काही नव्हतं, म्हणून भिंतीवरचं दरपत्रक दोनदा वाचलं.

बुधवारी इंजिन उघडलं. मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बसनं सांगवीला भाच्याकडे गेलो. कोकमाची बाटली आणि फणसाची साठं (वाळवलेल्या रसाच्या पोळ्या) घेऊन. फ्लॅटला कुलूप. खालून फोन लावला तर म्हणाला, "मामा, सेकंड शिफ्टला आलोय, हीसुद्धा ऑफिसात. आधी कळवायचं ना!" चूक माझीच. आपल्याकडे कळवून कोण जातं? पिशवी वॉचमनकडे दिली. त्यानं वहीत माझं नाव लिहिलं आणि "कोणाला भेटायचंय" या रकान्यापुढे "भेट झाली नाही" असं लिहिलं. बस यायला पाऊण तास होता. समोर नदी होती, ती बघत थांबलो.

गुरुवारी सिद्धार्थला माझी दया आली असावी. "काका, येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवू नका. चाकणहून ब्लोअरच्या बेल्टची पुली घेऊन येता का? लेथवाल्याला सांगून ठेवलंय." मला कामच हवं होतं. चाकणला तळेगाव चौकात उतरलो आणि शिफ्ट सुटलेली. बसमागून बस, एकाच रंगाच्या शर्टांचे लोंढे, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे. नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रक मुंगीच्या गतीनं सरकत होते. लेथवाल्याकडून पुली घेऊन चौकात परत आलो, तर चहाच्या गाड्यावर बीडकडच्या एका पोरानं जागा दिली.

"कुठल्या कंपनीत, काका?"

"कुठल्याच नाही."

"मग इकडं कसं काय?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. पुली न्यायला आलोय म्हटल्यावर त्यानं पुली हातात घेऊन फिरवून बघितली, "फिनिशिंग भारी हाय," म्हणाला आणि बसच्या मागे पळाला. चाकणात, लेथवाला सोडला तर, माझ्याशी तेवढंच कोणी बोललं.

शुक्रवारी दुपारी ब्लोअर बसला. चावी फिरवली, आणि असा काही चित्कार उठला की आबा खाटेवरून उठून उभे राहिले आणि समोरची दोन कुत्री गल्ली सोडून पळाली. बेल्ट एका बाजूला ओढत होता. सिद्धार्थनं स्वतःलाच शिव्या घालत ब्लोअर धरणारी पट्टी अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिलिमीटर, सरकवली. दुसऱ्यांदा नुसती बारीक शीळ आली. म्हणाला, "ही शीळ ऐकू आली की समजायचं, हवा चाललीय."

शनिवारी सकाळी तळेगाव-चाकण रस्त्याला लागून असलेल्या भंडारा डोंगरावर गेलो. वर मंदिरापर्यंत चढाचा, वळणांचा रस्ता आहे. ट्रॉलीवर सिद्धार्थनं गॅरेजातली एक मेलेली जीप चढवली होती. तो शेजारी बसला, मी स्टिअरिंगवर. सरळ चढ गाडीनं असा काही घेतला की मी ओरडलोच, "अरे वा रे पठ्ठे!" पहिलं वळण आलं. गाडी मंदावली, जवळजवळ थांबली, मग शीळ घालून उठली. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला सिद्धार्थनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, पाय का काढताय?"

"कुठला पाय?"

"अॅक्सिलरेटरवरचा. प्रत्येक वळणाआधी पाय काढताय, काच खाली असताना मान बाहेर काढताय, थांबताय, आणि मग दाबताय. चढाला एवढ्या वजनानिशी थांबवलं तर कुठलीही गाडी मरेल."

"काहीतरीच काय! मी कशाला पाय काढू?" मी चिडलोच. एकवीस वर्षं घाटात गाडी चालवणाऱ्याला कोणी असं सांगतं का?

तो वाद घालत बसला नाही. गाडी खाली आणली, स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि एका दमात वर नेली. परत खाली आणली. बॉनेट उघडून ब्लोअरचा बेल्ट उतरवला, हवेचा पाइप पहिल्यासारखा जोडला, आणि माझ्या जुन्या इंजिनावर, ब्लोअरशिवाय, तीच जीप पुन्हा वर नेली. धूर काळा आला, इंजिन कण्हलं, पण गाडी कुठेही थांबली नाही.

वर पोचल्यावर तो बेल्ट हातात घेऊन खाली उतरला. "चूक माझी आहे काका. हात लावण्याआधी तुमच्याबरोबर बसून बघायला पाहिजे होतं. तुम्ही टोचनवाले, म्हणून विचारलंच नाही. गाडी कधी कमी पडलीच नव्हती. म्हणत असाल तर आजच काढून देतो, होती तशी करून."

मी कठड्यावर बसलो. खाली इंद्रायणी दिसत होती, पलीकडे कारखान्यांची निळी छपरं. मला सगळं लख्ख कळलं होतं आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं. त्याला सांगितलं. दोरानं टोचन करताना वळणाआधी मी पाय काढायचो, कारण वळणात दोर सैल पडला आणि मग हिसका बसला तर दोर तरी तुटतो नाहीतर मागची गाडी दरीकडे जाते. मागून सुनंदा ब्रेकनं दोर ताठ करायची आणि एकदा हॉर्न द्यायची. एक हॉर्न म्हणजे चला. बॅटरी मेलेली असेल तर दरवाजाचा पत्रा वाजवायची. तो आवाज आल्याशिवाय मी पाय दाबला नाही, एकोणीस वर्षांत एकदाही नाही. आता मागे ट्रॉली असते, दोर नसतो, ती नसते. तरी माझा पाय निघतो. दोन वर्षं मी प्रत्येक वळणावर तिच्या हॉर्नची वाट बघत होतो आणि गाडीला दोष देत होतो.

बोलता बोलता मला रडू आलं. लाज वाटली, पण थांबवता आलं नाही. सिद्धार्थनं गाडीतली पाण्याची बाटली आणून दिली. मग म्हणाला, "सवय मोडता येते काका. चार दिवस मी बसतो शेजारी, पाय काढला की सांगतो."

"नको," मी म्हटलं. "मोडायची नाही मला."

"मग?"

"ब्लोअर राहू दे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. बेल्ट खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "मग ही पुली चालणार नाही. ही मी पळत्या गाडीच्या हिशोबानं काढून घेतली होती. ब्लोअरवर लहान पुली टाकतो, म्हणजे ब्लोअर जास्त फिरेल. तुम्ही पूर्ण थांबून उठलात तरी पहिल्या फेऱ्यापासून हवा मिळेल. वळणावर किती वेळ थांबता साधारण?"

"दोन-तीन सेकंद."

"पाच थांबलात तरी चालेल असं करून देतो," तो म्हणाला, आणि दुपारी शेजारच्या लेथवर स्वतः उभा राहून त्यानं ती पुली काढली.

रविवारी निघालो. आबा खाटेवरून उठून रस्त्यापर्यंत आले, "परत या, एकले आलात तरी या," म्हणाले. उंब्रजला वळलो, पाटण मागे पडलं, घाट उतरून दुपारी पोफळीत. घर उघडलं, खिडक्या उघडल्या. चिपळूणच्या माणसाला सोमवारपर्यंत थांबायला न लावता फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

गुरुवारी पहिलं टोचन आलं. एका शिक्षकांची मोटार घाटाच्या पायथ्याशी बंद पडलेली, कराडला न्यायची होती. ट्रॉलीवर चढवली, सर माझ्या शेजारी बसले. पहिल्या वळणाआधी पाय निघाला. या वेळी मला तो निघताना कळला. काच खाली होती. झाडीतून वारा येत होता, बाकी काही आवाज नव्हता. गाडी उभी राहिली.

सर घाबरले. "काय झालं? बंद पडली का?"

"नाही सर. मागचं बघतोय."

त्यांनी वळून पाहिलं. "मागे कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. घाटाच्या वळणावर हे मी दोन वर्षांत पहिल्यांदा तोंडानं बोललो. मग पाय दाबला, आणि गाडी जागेवरून उठून वर निघाली.