रजिस्टरमधला ग्रेमलिन

लिफ्टवाल्यांकडे किस्से आपोआप साचतात. लोक बटण दाबून घरी जातात, बिघाड मात्र आमच्या बॅगेत येतो! आमच्या टोळीत तिघं : मी, माझा मोठा दादा आणि साहूभैया. म्हणजे होतो तिघं. दादाला जाऊन दीड महिना झाला. लिफ्टखालच्या खड्ड्यात काम करतानाच गेला. आई रोज विचारते, "खरं सांग, काय झालं होतं तिथं?" मी तिला बाकीचेच किस्से सांगत बसतो.

*

रायपूरच्या शंकर नगरातली एक लिफ्ट रिकामी असतानाही 'ओव्हरलोड' म्हणून ठणाणा करायची. सेन्सर बदलला, वायरिंग तपासलं. तरी तेच! शेवटी साहूभैयांनी रिकाम्या लिफ्टपुढे हात जोडले, आपल्या छत्तीसगढीत म्हणाले, "कोन बइठे हस जी? उतर ना!"

लिफ्ट गप्प झाली.

आम्ही तिघंही जिन्याने खाली आलो!

*

दादा बारावी शिकलेला, मी आठवीतच शाळा सोडली. जिन्यावर तो म्हणाला, "याले ग्रेमलिन म्हणतात."

"म्हणजे भूत?"

"भूत माणसाले धरते बे. हा मशीनले धरते."

महायुद्धात इंग्रज वैमानिकांची विमानं हवेत बिघडायची. खाली उतरून खोललं तर दोष सापडायचा नाही. मग म्हणायचे, ग्रेमलिन बसला होता.

"पण हा शब्द आला कुठून?"

"थे बी कोनाले पक्कं माहीत नाही."

शब्दाचाच पत्ता नाही म्हटल्यावर माझ्या अंगावर काटाच आला.

*

तेव्हापासून दोष सापडला नाही, की दादा रजिस्टरमध्ये 'ग्रेमलिन' लिहायचा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते वाचलं. "ये कौनसा पार्ट है? पुराना निकालकर नया डाल दो."

"सर, निकल नहीं रहा," दादा म्हणाला, "वही तो रोना है!"

*

सदर बाजारात एका सराफाची लिफ्ट रोज दुपारी आपोआप तिसऱ्या मजल्यावर जायची. त्याचे वडील तिथंच वारले होते. घरातल्या बायका दुपारी दारं लावून बसायच्या. दादाने कंट्रोलरचं झाकण उघडलं, तर रिलेच्या स्विचवर पाल!

मी सुटकेचा निःश्वास टाकला. दादा म्हणाला, "दहातले नऊ ग्रेमलिन पालच निघते. दहावा सापडत नाही. त्यालेच भ्याचं."

*

दादा गेल्यावर तपासणीचे साहेब आले. खड्ड्यातलं लाल बटण दाबलेलं होतं. ते दाबलं की लिफ्ट हलूच शकत नाही. साहेबांनी दहादा करून पाहिलं, एकदाही हलली नाही. त्या दिवशी मात्र खाली आली होती.

"कुछ नहीं मिला," म्हणाले आणि गेले.

साहूभैया हळूच बोलले, "ग्रेमलिन."

मी त्यांची कॉलर धरली. "तो शब्द दादाचा आहे! तुम्ही नाही बोलायचा!"

त्यांनी कॉलर सोडवली नाही. "तो तू बता छोटू, मैं रजिस्टर में क्या लिखूँ?"

*

आईला सांगितला नाही तो किस्सा हा.

नवा रायपूरमधलं एक ऑफिस. सकाळचे अकरा. आमचा नियम असा, की खड्ड्यात उतरणारा 'आत!' म्हणून ओरडणार, वर आला की 'बाहेर!' ते ऐकल्याशिवाय वरच्याने स्विचला हात लावायचा नाही. दादा खाली होता. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या टपावर. लिफ्ट हलवायचा स्विच माझ्या हातात. साहूभैया पहिल्या मजल्याच्या दाराशी.

"आत!" दादा ओरडला.

दहा मिनिटांनी आवाज आला, "बाहेर!"

मी मुळात घाईचा माणूस. पण त्या दिवशी, कोण जाणे का, पुन्हा विचारलं. "दादा, बाहेर ना?"

"हव, बाहेर! आन लिफ्ट खाली!"

दादाचाच आवाज. साहूभैयांनीही दोन्ही वेळा ऐकला. मी स्विच दाबला.

दोन्ही हात कामात असले, की दादा टॉर्च दातांत धरायचा; मग त्याला 'हं'शिवाय काही बोलता यायचं नाही. आम्ही त्याला वर काढलं, तेव्हा ती दातांत घट्ट होती. साहूभैयांना दोन्ही हातांनी जबडा उघडावा लागला.