शिट्टीवाचून हुतुतू

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागतो. मी लेखक नव्हे. दुसऱ्यांच्या वह्यांतील चुका लाल शाईने दाखवण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली. स्वतःचे चार ओळींचे काही छापायला देण्याचे धाडस सत्तरी उलटली तरी झाले नव्हते. शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघणार आहे, तीत जुन्या तरुण-संमेलनांतील खेळांविषयी काही हलकेफुलके लिहून द्यावे, असा निरोप आला आणि नाही म्हणणे न जमल्यामुळे मी हो म्हटले. गेले तीन आठवडे मी कागद पुढे घेऊन बसतो, उठतो, खिडकीपर्यंत जातो, परत येऊन बसतो. हलकेफुलके काही निघत नाही. जे निघते ते एकाच दुपारचे आहे.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षे होती. मी शिरूरच्या एका शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. नाताळ आणि नवे वर्ष यांच्या मधल्या दिवसांत शिरूर, दौंड आणि दोन्हींच्या मधल्या खेड्यांतील ख्रिस्ती तरुणांचे संमेलन भरत असे. त्या वर्षी ते आमच्याच शाळेच्या आवारात होते. सकाळी उपासना आणि शास्त्राभ्यास, दुपारी खेळ, सायंकाळी गायन आणि साक्षी, म्हणजे ज्याने त्याने उभे राहून आपला अनुभव सांगणे, असा क्रम. संमेलनाचे चिटणीस दौंडचे होते. रेल्वेच्या कचेरीत कारकून, उमदे, बोलके, सर्वांना हवेसे वाटणारे गृहस्थ. समितीच्या बैठकीत त्यांनी एक पितळी शिट्टी माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, मैदान तुमचं. पंच तुम्हीच."

ती शिट्टी घेऊन मी घरी आलो आणि दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. मैदान आखणे, संघ पाडणे, वेळापत्रक करणे, हे सर्व मी आनंदाने केले असते. पण भर मैदानात शिट्टी वाजवून, हात वर करून, एखाद्या जवान माणसाला 'तू बाद' असे सांगायचे, त्याने डोळे वटारून 'कसा काय?' म्हणायचे आणि शंभर माणसांनी माझ्याकडे बघायचे, हे मला कल्पनेतही सोसेना. वर्गात मुलांपुढेसुद्धा माझा आवाज पहिल्या तीन बाकांपलीकडे जात नसे.

पुढच्या बैठकीत मी एक सूचना मांडली. ख्रिस्ती तरुणांच्या खेळाला पंच कशाला हवा? ज्याला स्पर्श झाला, त्याने स्वतः हात वर करावा आणि बाहेर जावे. चढाई करणारा 'लागला' म्हणाला आणि समोरचा 'नाही' म्हणाला, तर समोरच्याचा शब्द अखेरचा मानावा. हे बोलताना माझे कान तापले होते, कारण ही सूचना कोठून आली हे मला ठाऊक होते. समितीला मात्र तीत फार खोल अर्थ दिसला. मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, हे तुम्हाला प्रार्थनेत सुचलं असणार." मी मान खाली घातली. त्यांनी ती होकारार्थी समजली. शिट्टी माझ्या टेबलाच्या खणात गेली.

संमेलनाच्या पहिल्या दिवशी दौंडची मंडळी चौफुला, न्हावरामार्गे एस.टी.ने आली. बक्षीस म्हणून त्यांनी राहूच्या गुऱ्हाळातली गुळाची एक ढेप पोत्यात गुंडाळून आणली होती. जिंकणाऱ्याने ती फोडून सर्वांना वाटायची, असे ठरले होते. त्यांच्यात एक विधवा बाई होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावले. त्यांचा मुलगा इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होता. बाविशीचा, सडपातळ, कोणाच्या डोळ्याला डोळा न देणारा. तो हातात पिशवी घेऊन लांब उभा होता.

"मास्तर, ह्याला खेळात गुतवा," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मंडळीची पायरी चढला न्हाई. कुणी तरी उठवलं, ह्यो गुत्त्यावर बसतो म्हणून. ह्यो म्हणला, मी न्हवतो. पर कुणी ऐकलं न्हाई. खरं बोलणाऱ्याला खोटा म्हणलं की तो कशाला थांबंल वो तिथं? आता लई मिनतवारीनं आणलाय. रविवारी उपासनेत सभासद म्हणून हुबा ऱ्हातो म्हणलाय. तवर त्याचं मन मोडू देऊ नका, एवढंच."

मी म्हणालो, "निश्चिंत असा." इतक्या सहज म्हणालो की आजही तो शब्द उच्चारताना मी अडखळतो.

पहिल्या दिवशीच्या हुतुतूमध्ये माझ्या नियमाने वेगळीच मौज केली. सकाळी पाळकसाहेबांनी खरेपणावर प्रवचन दिले होते, त्यामुळे दुपारी जो तो हात वर करूनच उभा. एका खेड्यातला जाडजूड गडी कोणी जवळही गेले नसताना मैदानाबाहेर चालू लागला.

"आरं कुठं निघाला? तुला शिवलंय कोण?" त्याचा नायक ओरडला.

"शिवलं असंल. शर्ट हालल्यागत वाटलं."

"वारा हाय तो!"

"आसंल वारा. पर मनात आलं ना? मग जातो."

चढाई करणारा त्याच्या मागे धावला. "आवो दाजी, मी तुम्हाला शिवलोच न्हाई, माघारी फिरा."

"तू मला वाचवायला खोटं बोलू नको."

कडेला बसलेले एक म्हातारे आप्पा पाय हालवत म्हणाले, "ह्यो हुतुतू हाय का कबुलीची प्रार्थना?" सगळे मैदान हसले. मीही हसलो आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

दौंडचा तो तरुण मात्र वेगळा खेळत होता. स्पर्श झाला की त्याचा हात ताबडतोब वर जाई; झाला नसेल तर कोणी कितीही गलका केला तरी तो शांतपणे 'न्हाई' म्हणे आणि जागेवर उभा राही. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडून चुन्याच्या फक्कीचा डबा मागून घेतला आणि पुसलेल्या रेषा स्वतः पुन्हा आखल्या. "तुमची लाइन वाकडी जाती, मास्तर," एवढेच म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. त्याची आई ओट्यावरून पाहत होती.

शनिवारी दुपारी शिरूर आणि दौंड यांचा अखेरचा सामना झाला. दोन्हीकडचे गुण सारखे झाले आणि कडेची माणसे उठून रेषेपर्यंत आली. मला बसवत नव्हते. फक्कीचा डबा घेऊन मी दौंडच्या मागच्या रेषेवर फिरत होतो, न पुसलेली रेषाही पुन्हा आखत होतो. शिरूरचा चढाईवाला आला. डाव्या कोपऱ्यात तो तरुण होता, त्याच्या शेजारी चिटणीस, दोघांनी हात धरलेले. चढाईवाल्याने पाठ फिरवता फिरवता मागे लाथ झटकली आणि परत आपल्या हद्दीत गेला. मी तीन हातांवर होतो. त्याची टाच चिटणिसांच्या नडगीला घासून गेली. त्या तरुणापासून ती वीतभर लांब होती.

चढाईवाला वळला तेव्हा त्याला समोर त्या तरुणाचाच चेहरा दिसला असावा. त्याने बोट केले. "लागला."

"न्हाई लागला," तरुण म्हणाला.

"आरं माझ्या टाचंला लागलंय की. मी काय येडा हाय का?"

"मला न्हाई लागला."

चिटणीस वाकून गुडघ्यावरची माती झटकत होते. त्यांना स्पर्श कळला होता की खेळाच्या भरात कळलाच नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. गर्दीतून आवाज येऊ लागले. "हात वर कर की गड्या." "ढेपंसाठी कशाला बुडतो?" आणि मग कोणी तरी, अगदी शांतपणे, "त्याचं काय नवीन हाय व्हय? मागंबी न्हवतोच म्हणाला होता."

तो माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही लाइनीवर व्हता. तुम्ही सांगा."

सगळे मैदान माझ्याकडे बघू लागले. ज्या क्षणाला टाळण्यासाठी मी तो सारा नियम रचला होता, तो क्षण माझ्यासमोर येऊन उभा राहिला. खरे सांगायचे तर दोनच शब्द पुरेसे होते. तेही नको असतील तर 'नियमाप्रमाणे त्याचा शब्द अखेरचा' एवढे तरी म्हणता आले असते. नियम माझाच होता. मी म्हणालो, "आपल्या या खेळामध्ये पंचाची योजना केलेली नाही."

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते.

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मग सावकाश हात वर केला आणि मैदानाबाहेर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी म्हणाले, "शाब्बास, कबूल केलं." तो रेषेपाशी थांबला नाही, ओट्याकडे वळला नाही, चप्पल घातली आणि फाटकाबाहेर निघून गेला. शिरूर जिंकले.

ढेप फोडण्याच्या गडबडीत मी तेथून निसटलो. पाय आपोआप एस.टी. स्टँडकडे वळले. तो दौंडच्या गाडीच्या फलाटावर बाकड्याच्या टोकाला बसला होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. बसावे की न बसावे ते कळेना.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "तुला लागलं नव्हतं."

"मग मला कशाला सांगताय? मला तर ठावंच हाय."

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकलो.

"ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच अवघड होते. "साडेचारला साक्षी हायेत ना? सहाची गाडी हाय माझी. तवर बसतो हितंच. सांगितलं, तर आईला न्हाईतर कुणाला तरी धाडा, मी माघारी येतो. उद्याचा सदरा तिच्याच पिशवीत हाय."

"सांगतो," मी म्हणालो.

परत येताना मी वाक्ये जुळवत होतो. चिटणिसांचे नाव न घेता सांगता येईल का? स्पर्श 'अन्य कोणास' झाला, असे म्हटले तर लोक विचारणारच, कोणास? आणि ज्या माणसाने मला मान दिला, घरचा फराळ खिलवला, त्यालाच मी सर्वांदेखत खोटा ठरवणार होतो का? वाक्य तयार होई, मोडे, पुन्हा होई. सभागृहात मी खिडकीजवळची जागा घेतली, मग ती बदलून दाराजवळ बसलो. भिंतीवरचे घड्याळ दोन्हीकडून दिसत होते.

साक्षी सुरू झाल्या. सव्वापाचला पाळकसाहेब उठले आणि त्यांनी दुपारचीच गोष्ट काढली. एका तरुणाने आधी नाकारले, मग त्याचे मन त्याला खाऊ लागले, आणि कोणी शिट्टी न वाजवता त्याने हात वर केला. पश्चात्ताप म्हणतात तो हाच. त्यांचा आवाज भरून आला होता. ते त्या तरुणाचा गौरव करत होते, हे लक्षात घ्यावे. त्याची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"आणखी कोणाला काही सांगायचे आहे का?" पाळकसाहेबांनी विचारले.

मी उठलो. निदान अर्धा उठलो. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर माझे दोन्ही हात होते. त्याच वेळी चिटणीस उभे राहिले आणि म्हणाले, "हा नियम ज्यांना सुचला, त्या मास्तरांचे आभार मानल्याशिवाय संमेलन पुरं व्हायचं नाही." माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो ते आभार स्वीकारण्यासाठीच, असे सर्वांना वाटले. मी हात जोडले आणि खाली बसलो.

मग गायन झाले. पावणेसहा वाजले, सहा वाजले. मी घड्याळाकडे पाहणे सोडले नाही.

रविवारी नव्या सभासदांना उभे राहण्यास सांगितले, तेव्हा चौघे उभे राहायचे तेथे तिघेच राहिले. उपासनेनंतर त्याच्या आईने मला गाठले. "त्यो का गेला, तुम्हाला काय बोलला का मास्तर?" मी म्हणालो, "नाही." संमेलनातील माझे हे एकच उघड असत्य; बाकीचे सारे मी गप्प राहून केले.

त्यानंतर मी शाळेत खेळांचा पंच होण्याचे काम स्वतः मागून घेतले. अनेक वर्षे शिट्टी वाजवली, मुलांशी, त्यांच्या बापांशी भांडलो. मुले मला कडक म्हणत. तो तरुण मंडळीत कधीच परतला नाही. त्याची आई गेली. तो नोकरीतून निवृत्त होऊन दौंडलाच राहतो, असे ऐकतो. गाडी बदलताना एकदा फलाटावर दिसलाही, पण मी वर्तमानपत्र वर धरले. चिटणीस गेल्या पावसाळ्यात वारले. आता कोणाची अडचण नाही, असे मी स्वतःला सांगतो. मग ध्यानात येते की अडचण कधी त्यांची नव्हतीच.

गेल्या नाताळात नव्या पाळकांनी उपदेशात ती गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी ती कोणाकडून तरी ऐकली होती. हुतुतूत खोटे बोललेला आणि मग हात वर केलेला दौंडचा एक तरुण. सर्वांनी कौतुकाने माना डोलावल्या. मी दाराजवळच बसलो होतो.

स्मरणिकेच्या प्रकाशनाला मलाही बोलावले आहे. दोन शब्द बोला, असेही सांगितले आहे. हे पान त्याआधी तुमच्या हाती पडेल. 'ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा,' असे तो म्हणाला होता, आणि ते तुम्हीच आहात. मी एवढे लिहिले, ते पुरेसे आहे, की मला उभे राहून सांगावेच लागेल?