ओरेस्तेचा वाळवलेला भाला

इटलीतल्या आमच्या मोंतेफाल्चेत जून लागला की इर्मा बॅग भरते आणि माहेरी जाते. भांडण वगैरे काही नाही, रीतच आहे. नवरा ओरेस्ते खालच्या वेशीचा, ती वरच्या वेशीची; आमच्याकडे वेस म्हणजे आळी, आणि दर जूनमध्ये दोन्ही वेशी घोड्यावरच्या भाल्याच्या खेळात भिडतात. आणि भाल्याच्या आठवड्यात स्वाराच्या घरी दोन वेशींची माणसं एका छपराखाली झोपत नाहीत. माहेर चौक ओलांडला की आलंच, पण निघते अशी, जणू बोटीनं अमेरिकेला चाललीय.

"फ्रिजमध्ये मसूर आहे," यंदा तिनं दारातून सांगितलं. "गुडघ्याला मलम लाव. आणि जिंक रे बाबा एकदाचा."

"तुझ्या वेशीला हरवून?"

"हरव की. आईकडची ती गादी आता माझ्या कमरेला सोसत नाही."

ओरेस्तेला जिंकायचं होतं ते थांबण्यासाठी. वर्षभर हा माणूस लोकांचे तुंबलेले नळ मोकळे करतो आणि जूनमध्ये चिलखतात शिरतो. खालच्या वेशीचा नेम असा, की स्वारानं जिंकूनच घोड्यावरून उतरायचं आणि ज्या भाल्यानं जिंकला तोच, अखंड, पुढच्याच्या हातात द्यायचा. हरलेल्या भाल्याला कुणी शिवत नाही. तरुणपणी ओरेस्ते एकदा जिंकला होता. पण तेव्हा अंगात मस्ती होती, भाला दिला नाही. मग पुन्हा जिंकणं काही जमलं नाही. त्याच्यामागून स्वार होणार ती बेकरीवाल्यांची नीवेस वाट बघूनच चाळिशीला टेकली. तिच्या घोड्याचेही सांधे धरलेत म्हणे.

बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, सरदार म्हणजे सिनेमातल्यासारखा, सज्जात बसलेल्या सुंदरीसाठी लढणारा. ओरेस्तेची सुंदरी समोरच्या वेशीच्या बाकावर टरबूज खात बसलेली असते. आणि समोर माणूसही नसतो. असतो एक लाकडी सुलतान. त्याच्या एका हातात एक ते पाच आकडे रंगवलेली ढाल, दुसऱ्या हातात साखळीला लटकवलेले शिशाचे गोळे. ढालीवर भाला बसला की तो गर्रकन फिरतो, आणि स्वार मंद असला तर गोळे पाठीत बसतात. ओरेस्तेच्या पाठीला त्या गोळ्यांची इतकी ओळख आहे, की हल्ली ती आधीच वाकते.

यंदा त्यानं एक शक्कल लढवली. खांदा दुखतो, भाला जड होतो, टोक खाली जातं. तर भालाच हलका करू. वसंतापासून भाला गच्चीवर उन्हात टाकला होता. आम्ही शेजारी बघत होतो. कुणी काही बोललं नाही. आम्हालाही गंमत हवी असते.

शर्यतीच्या दिवशी वरच्या वेशीनं ढालीचा चारचा आकडा गाठला. म्हणजे ओरेस्तेला पाच हवे, अगदी मधोमध.

खालच्या वेशीचा म्होरक्या सेत्तिमियो लगाम धरून म्हणाला, "पाच मार आणि घरी जाऊन झोप."

"झोपायचंय म्हणूनच आलोय."

घोडा सुटला. भाला खरंच पिसासारखा हलका होता. ओरेस्तेनं पाचावर नजर लावली, पण खांदा शेवटी खांदाच. टोक खाली आलं, तिनावर बसलं. संपलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात काडकन आवाज झाला. वाळून खडखडीत झालेल्या भाल्याचे दोन तुकडे मैदानात पडले.

भाला मोडला की आकडा दुप्पट. तिनाचे सहा. खालची वेस जिंकली.

लोकांनी त्याला चिलखतासकट उचललं, पाहुण्यांनी फोटो काढले. नीवेस शेजारी उभी होती, हात पुढे करून. सेत्तिमियोनं दोन्ही तुकडे उचलले, जुळवून बघितले, आणि मान हलवली.

"याला अखंड कोण म्हणेल, ओरेस्ते? पुढच्या वर्षी बघू."

"सेत्तिमियो, मी थकलोय रे."

"जिंकलेला माणूस थकत नाही. हात वर कर, लोक बघतायत."

त्यानं दुखरा नव्हे तो हात वर केला. नीवेस आपला घोडा घेऊन घरी गेली.

संध्याकाळी इर्मा परतली. ओरेस्ते स्वयंपाकघरात छातीचं चिलखत न काढताच बसला होता. पट्ट्यांपर्यंत हात पोचत नव्हता. तिनं मागून एकेक पट्टा सोडवला.

"आमच्या वेशीत तुला शिव्या पडतायत," ती म्हणाली. "आईनं पण दोन घातल्या."

"आणि तू?"

"मी बॅग भरत होते."

चिलखत खाली उतरलं.

"इर्मा," तो म्हणाला, "उद्या बाजारात जाऊ. तुझ्या आईकडे नवी गादी टाकू."