गोणपाटाखालची रोपं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाफ्यात वांग्या-मिरचीचं बी टाकलं, ते. होळी होऊन दोन दिवस झाले होते. बजाजनगरातल्या आमच्या घरामागं पाच पावलं लांब आणि चार पावलं रुंद एवढीच मोकळी जागा हाय. मी कुदळीनं ढेकळं फोडली, शेणखत मिसळलं, पाणी मारलं. ती पालथ्या बादलीवर बसून फडक्याच्या गाठीतलं बी मला थोडं थोडं देत होती. मी अंगठा पार बुडापर्यंत मातीत घालायचो, बी सोडायचो आणि वरून टाचेनं दाबायचो.

"झालं का?" ती म्हणाली.

"घाई काय? बी घट्ट बसलं पाहिजे."

"व्हय. तुम्हाला ठावं."

मग तिनं ओलं गोणपाट वाफ्यावर पसरलं, चार कोपऱ्यांना विटा ठेवल्या आणि दरवर्षी म्हणायची तेच म्हणाली, "आता बारा दिवस इकडं फिरकायचं नाय. तुमची नजर लई जड हाय. पाणी मी मारीन, गोणपाट मीच काढीन."

त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी खाली बसली, ती उठलीच नाय. डॉक्टर म्हणाला, हृदय. बाकी काय बोलला ते माझ्या कानात शिरलं नाय.

माझी बागकाम करायची ही हौस कुठून आली ते सांगतो. मी मेंढरामागं वाढलेला माणूस. बापानं जन्मभर कळप फिरवला. आम्हाला बांधाएवढंबी रान नव्हतं. चौथीत शाळा सोडली, पुढं वाळूजला एका कंपनीत मशीनवर लागलो, तिथूनच रिटायर झालो. बायको दौलताबादच्या बाजूची. जात एकच, पण त्यांच्याकडं विहीर होती, पेरूची बाग होती. लग्नानंतर सासरा चारचौघांत बोलला होता, "जावयाला कळप हाकता येतो. पण ह्याच्या हातानं गवत तरी उगवंल का?" लोक हसले. मीबी हसलो. पण ते बोलणं पोटात जाऊन बसलं.

हे घर घेतलं त्या साली मी पहिल्यांदा वाफा केला. बाराव्या दिवशी बायकोनं मला हाक मारली आणि गोणपाट बाजूला केलं. बघतो तर वीतभर उंच रोपं, पानं टवटवीत, एका रांगेत शाळेतल्या पोरांसारखी उभी. सासऱ्याला मी मुद्दाम बोलावून घेतलं. म्हातारा वाफ्यापाशी उकिडवा बसला. एका पानाला हात लावला, पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"जावईबापू, हाताला गुण हाय तुमच्या," म्हणाला.

कंपनीत इतकी वर्षं राबलो, पण असं कुणी बोललं नाय. त्या एका वाक्यावर मी म्हातारा झालो. गल्लीत कुणी कुंडीत मेथी टाकली तरी मी जाऊन उभा राहायचो. अंगठा बुडापर्यंत घाला. टाचेनं दाबा. पुढल्या सालासाठी बी धरायचं तर चैताच्या उन्हात पत्र्यावर आठ दिवस वाळवा. लोक माना हलवायचे. मला वाटायचं, शिकतायत.

ती गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. मुलगी सासरहून आली होती, तिनं गोणपाटावर रोज पाणी मारलं. मी मात्र तिकडं गेलो नाय. बायकोनं नको म्हटलं होतं ना. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी पाहुणे निघायच्या आधी मी मागं गेलो आणि स्वतःच्या हातानं गोणपाट काढलं. काळी माती. एक हिरवं टोक नाय.

मी तिथंच मटकन बसलो. सगळे धावत आले. मी म्हणालो, "बघा. जमिनीनंबी सुतक धरलंय. घरची लक्ष्मी गेली, आता इथं काय उगवत नाय."

मुलगी ओढणी तोंडाला लावून रडली. शेजारीण माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण, तीबी तिथंच होती. तिनं मान खाली घातली. मला वाटलं, तिलाबी भडभडून आलं.

पाहुणे गेले. रिकाम्या घरात दोन दिवस काढले. मग विचार केला, मातीतला कस गेला असंल, गांडूळखत घालून बघू. तिची हिरवी-पिवळी वायरची पिशवी खुंटीवरून काढली आणि वाळूज रोडवरच्या नर्सरीत चालत गेलो. त्या नर्सरीत मी कधी पाय ठेवला नव्हता. विकतची रोपं लावणं म्हणजे मला दुसऱ्याचं पोर कडेवर घेऊन आपलं म्हणून मिरवण्यासारखं वाटायचं.

नर्सरीवाला पाइपानं पाणी मारत होता. त्यानं माझ्याकडं नाय, पिशवीकडं बघितलं.

"चाचा, ये पिशवी तो खाला की है. खाला नै आए इस साल?"

"कोण खाला? कुणाची मावशी?"

"बजाजनगर की. हर साल होली के बाद आते. बारा बैंगन, बारा मिर्ची. मैं तो ट्रे निकाल के रखा उनका."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी त्यांच्या नात्यातला हाय. त्यांना कशाला लागतात रोपं?"

तो हसायला लागला. पाइप खाली टाकला आणि मराठीत आला. "अहो, त्यांच्या घरी एक साहेब आहेत. बी मारण्यात उस्ताद! साहेब खड्डा करून बी पुरतात, वरून नाचतात. मग एक दिवस साहेब सकाळी दूध आणायला गेले की खाला आमची रोपं लावून मोकळ्या. साहेब बाहेर छाती फुगवून सांगतात, मेरे हाथ का कमाल!" हसता हसता त्यानं दस्तीनं डोळे पुसले. "खाला बोलते, आमच्या साहेबांनी हात लावला तर आंब्याची कोयपण घाबरून मरंल."

हे ती कसं म्हणाली असंल ते मला बघितल्यासारखं कळलं. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. माझ्यावरचा विनोद, आणि तो ह्या परक्या माणसाला पाठ.

"ती वारली," मी म्हणालो.

त्याचं हसू थांबलं. "या अल्ला. कब?"

"होळीनंतर."

त्यानं जाऊन नळ बंद केला. मग म्हणाला, "आणि साहेब?"

"साहेब हाय अजून," मी म्हणालो आणि खत न घेताच निघालो. मागून त्यानं दोनदा हाक मारली. मी वळलो नाय.

शेजारीण दारात मेथी निवडत बसली होती. मी घरात न जाता तिच्यापुढंच जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, तुम्हाला ठावं होतं?"

"काय, भाऊजी?"

"रोपांचं."

तिनं जुडी खाली ठेवली. "गल्लीला ठावं होतं. बारा दिवसांत वांग्याचं रोप वीतभर कुठं होतंय? महिना लागतो. आम्ही शेतातनं आलेली माणसं, आम्हाला एवढंबी कळत नाय का?"

"मग मी सुतकाचं बोललो, तेव्हा गप्प का बसला?"

"तेव्हा काय बोलायचं होतं, भाऊजी? तुमचं तोंड बघवत नव्हतं."

मी जायला निघालो, पण पाय अडला. "सासऱ्याला ठावं नव्हतं ना?"

ती मेथीची पानं उगाच चिवडत बसली.

"वहिनी."

"पहिल्या सालची रोपं त्यांच्याच मळ्यातनं आली होती," ती म्हणाली. "तिनं बापाला सांगितलं, रोपं द्या आणि येऊन चार शब्द चांगले बोला. तिनंच मला सांगितलं हे."

घरी आलो. बायकोच्या फोटोला मुलीनं घातलेला हार सुकला होता, तो मी काढला आणि कचऱ्यात टाकला. नवा घातला नाय. मुलीला फोन लावायला मोबाईल हातात घेतला आणि खाली ठेवला. तिला ठावं होतं का नव्हतं, मला ऐकायचंच नव्हतं. फोटोपुढं उभा राहून शिव्या दिल्या. मेलेल्या माणसाशी भांडायला गेलं की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येतो, आणि तो लई वाईट लागतो.

हे लिहितोय ते वाचून कुणी म्हणंल, केवढी माया होती बाईची. असंल. पण अशी माया लेकराला करतात. लेकरू पाटीवर रेघोट्या मारतं आणि आपण म्हणतो, वा, काय अक्षर हाय. मी तिचा नवरा होतो. माझ्याजवळ बसून ती बी हातात देत होती. त्यातलं एकबी उगवणार नाय हे तिला पक्कं ठावं होतं, आणि तरी म्हणत होती, तुम्हाला ठावं. सासरा एकदा हसला, त्याचं दुखणं मी सोसलं. बायको एवढी वर्षं मागं हसली, ते कुणाकडं न्यायचं?

एकदा हात धरायचा होता माझा. अहो, लई खोल जातंय, एवढं म्हणायचं होतं. मी चिडलो असतो, हे खरं. दोन दिवस जेवलो नसतो. बोललोबी असतो वाईट. पण मग शिकलो असतो. चौथी शिकलेला माणूस कंपनीत मशीन चालवायला शिकला, साठीनंतर मोबाईल शिकला. बी टाकायला शिकला नसता का? तिनं मला त्याच्याबी लायकीचं धरलं नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण चहा घेऊन आली. कालच्या बोलण्यानं ती दारातच घुटमळत होती. चहा उकळता होता, कप हातात धरवत नव्हता. मी तो मागच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणालो, "बी कसं लावायचं ते दाखवा."

ती घरातनं मागं आली. मग पदर खोचून वाफ्यापाशी बसली. माझ्या गाठीतलं बी तिनं तळहातावर घेतलं. "हे तुम्ही पत्र्यावर वाळवलेलं? फुटाणे झाले ह्याचे. बी सावलीत वाळवतात." तिनं कंपाउंडवरून आपल्या सुनेला हाक मारली आणि भेंडीचं बी मागवून घेतलं. मी एक दाणा घेतला आणि अंगठा मातीत घातला.

"अहो, अहो! मयत पुरताय का?" ती ओरडली आणि लगेच तिनं जीभ चावली. मी अंगठा बाहेर काढला. तिनं माझं बोट धरून दाखवलं. "अर्धं पेर. बास. वरून माती नुसती लोटायची. टाच नाय मारायची."

मी एक दाणा लावला. माती लोटली. तिनं बघितलं.

"असं," ती म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

ती उठून घरी गेली. मी हात झटकले आणि कट्ट्यावरचा कप उचलला. शिकून झालं तरी चहा अजून गरम होता. तो प्यायलो आणि उरलेली रांग लावायला बसलो.